निरोपाचें यंत्र घडविण्यापूर्वीं

नांदेड किंवा लातूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यांना 'यंदा काय तयार करणार?' असें विचारलें, तर त्यांतला कोणीतरी हटकून सांगतो, 'निरोपानिरोपीचें ॲप.' व्हॉट्सॲपसारखें, पण आपलें. कल्पना वाईट नाहीं. संदेश पाठविण्याचें साधें ॲप चार हुशार मुलें दोन महिन्यांत चालूं करून दाखवूं शकतात, इतकी आज ही विद्या सुलभ झाली आहे. अवघड आहे तें त्यापूर्वींचें काम. बाजारांत जीं साधनें आज आहेत, आणि जीं येऊन नाहींशीं झालीं, त्यांचा नीट अभ्यास करणें. प्रबंधांत त्यासाठीं एक प्रकरण राखून ठेवलेलें असतें. बहुधा तें सर्वांत शेवटीं आणि सर्वांत घाईनें लिहिलें जातें. त्यांत एक तक्ता असतो. डावीकडे ॲपांचीं नांवें, वर सोयींचीं नांवें: चित्र पाठवितां येतें काय, आवाज पाठवितां येतो काय, समूह करतां येतो काय; आणि मधल्या चौकोनांत होय-नाहींच्या खुणा. आपल्या ॲपाच्या रांगेंत अर्थात् सगळ्या खुणा होकाराच्या!

या तक्त्यानें फारसें कांहीं कळत नाहीं, असें माझें मत आहे. निरोपाचें कोणतेंहि साधन घ्या, त्याच्या पोटांत माणसांविषयीं कांहीं गृहीतें दडलेलीं असतात. कोण कोणाशीं बोलतो, बोलण्याचा खर्च कोण सोसतो, एका यंत्राचा धनी एकच माणूस आहे कीं सारें घर, लिहितां-वाचतां येणें आवश्यक मानलें आहे कीं नाहीं. हीं गृहीतें हुडकून काढावींत आणि तीं आपल्या गांवांना कितपत लागूं पडतात तें पाहावें, याला मी अभ्यास म्हणतों. आजच्या भाषणांत तो नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरता करून पाहूं.

जुनीं साधनेंहि या नियमाला अपवाद नव्हतीं. तारेचा आकार शब्दांवर असे, म्हणून तारेची भाषा तुटक झाली. आणि ती महाग असल्यामुळें दारांत तारवाला दिसला कीं कांहींतरी अघटित घडलें, असा समज घरोघर रूढ झाला. जुलै २०१३ मध्यें ती सेवा भारतांत बंद झाली. तो धसका मात्र वडीलधाऱ्या माणसांच्या बोलण्यांत अजून आढळतो. तारेनंतर आलेल्या एसएमएसची गोष्ट तर अधिक उद्बोधक आहे. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजीं इंग्लंडांत पाठविला गेला. त्या एका संदेशांत १४० बाइट मजकूर मावतो. रोमन अक्षराला सात बिट पुरतात, म्हणून अशीं १६० अक्षरें बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून तीं ७० च बसतात. आणि चिन्ह म्हणजे आपण बोटांवर मोजतों तें अक्षर नव्हे. 'किल्लारी' हा शब्द आपल्या दृष्टीनें तीन अक्षरी. यंत्राच्या हिशेबीं क, ऱ्हस्व वेलांटी, ल, पाय मोडल्याची खूण, पुन्हां ल, काना, र आणि दीर्घ वेलांटी अशीं तीं आठ चिन्हें होतात. मराठींत चार ओळी लिहिल्या कीं दोन संदेशांचे पैसे पडत. आपलीं मुलें रोमन लिपींत मराठी लिहूं लागलीं, याचें खापर आपण इंग्रजीच्या मोहावर फोडतों. परंतु त्यांत या १४० बाइटांचाहि वाटा होता, हें विसरूं नये.

आतां ज्याच्याकडे पाहून नवीं ॲपें काढण्याची उमेद येते, त्या व्हॉट्सॲपाकडे वळूं. २००९ सालीं जान कूम आणि ब्रायन ॲक्टन यांनीं तें अमेरिकेंत काढलें, तेव्हां तें निरोपांसाठीं नव्हतेंच. 'मी कामांत आहें', 'फोनची बॅटरी संपत आली आहे' असा आपल्या स्थितीचा एक फलक परिचितांना दिसावा, एवढीच मूळ योजना. त्याच वर्षीं आयफोनमध्यें नवी सोय झाली आणि कोणी आपला फलक बदलला कीं त्याची वर्दी मित्रांच्या फोनवर आपोआप पोंचूं लागली. मग लोक त्या फलकावरूनच एकमेकांशीं बोलूं लागले! कर्त्यांनीं तें पाहिलें आणि यंत्राचा रोख बदलला. लोकांना काय हवें हें त्यांना विचारून कळलें नाहीं, तर ते हातांतील वस्तूचा भलताच उपयोग करूं लागले त्यावरून कळलें. नव्या कर्त्यांनीं मनांत ठेवावी अशी ही हकीकत आहे.

व्हॉट्सॲपाच्या यशाचें कारणहि सोयींच्या तक्त्यांत सांपडत नाहीं. त्या काळच्या इतर बऱ्याच साधनांना टोपणनांव, परवलीचा शब्द, ई-मेलचा पत्ता असा लवाजमा लागे. येथें फोनचा नंबर हीच ओळख, आणि फोनमधील नंबरांची वही हेंच मित्रमंडळ. ई-मेल हा शब्दहि ज्यानें ऐकला नाहीं, अशा माणसाला त्यांत सहज शिरतां आलें. शिवाय नोकियाच्या बटनांच्या साध्या फोनांवरहि तें चालावें, यासाठीं कर्त्यांनीं खूप खटपट केली होती. फेब्रुवारी २०१४ मध्यें फेसबुकनें १९ अब्ज डॉलर मोजून तें घेण्याचें जाहीर केलें, तेव्हां तेथें काम करणारीं माणसें पन्नास-पंचावन्नच होतीं.

मात्र या सोप्या ओळखींत एक गृहीत आहे: एक नंबर म्हणजे एक माणूस. कंधार किंवा अहमदपूर तालुक्यांतील एखाद्या वस्तीवर जाऊन पाहिलें, तर हें गृहीत डळमळूं लागतें. घरांत चांगला फोन एक. दिवसा तो बापाच्या खिशांत, संध्याकाळीं मुलाच्या हातांत, रात्रीं जेवणें उरकल्यावर आईच्या हातांत. पुण्याला कामाला गेलेल्या थोरल्या मुलानें आईला पाठविलेला निरोप आधीं कोणाच्या डोळ्यांखालून जाईल, याचा नेम नाहीं. निरोप वाचला गेल्याची निळी खूण व्हॉट्सॲपानें नोव्हेंबर २०१४ मध्यें आणली. ती खूण एवढेंच सांगते कीं निरोप फोनवर उघडला गेला. कोणी उघडला तें ती सांगूं शकत नाहीं. मुलगा तिकडे निर्धास्त, आणि इकडे आईला पत्ताहि नाहीं, असें सहज होऊं शकतें.

भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश येथील स्त्रिया फोन कसा वापरतात, याविषयींचा एक अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील स्त्रिया फोन घरांत हातोहात फिरणार हें धरूनच चालतात. मग कोणी एखाद्या ॲपालाच कुलूप लावते, कोणी निवडून एकेक निरोप पुसते, कोणी सगळाच मागचा इतिहास पुसून टाकते, आणि कोणी नको त्या गोष्टी त्या फोनवर करीतच नाहीं. आपल्या तक्त्यांत 'गुप्तता' या शब्दाखालीं आपण दूरच्या चोराचा विचार करतों. घरांतल्या दिराचा किंवा भावाचा करीत नाहीं. नांदेडच्या एखाद्या मुलीसाठीं ॲप करावयाचें, तर दुसरा विचार पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

फोनाच्या जातीविषयींहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१७ सालीं जिओ कंपनीनें बटनांचा एक स्वस्त फोन आणला. पंधराशें रुपये अनामत ठेवून तो मिळे. त्यावर सप्टेंबर २०१८ मध्यें व्हॉट्सॲप आलें, आणि ज्यांनीं कधीं पडद्याचा फोन हातीं धरला नव्हता असे पुष्कळ लोक निरोपांच्या जगांत आले. पुढें त्या फोनांसाठीं व्हॉट्सॲप चालविणें बंद करण्यांत आलें. २०२५ पासून तें त्यांच्यावर चालत नाहीं. फोन शाबूत आहे, नंबर तोच आहे, बोलणारे तेच आहेत. दार मात्र मिटलें. मोठ्या कंपनीच्या हिशेबांत असे फोन थोडे. आपल्या जिल्ह्यांतल्या एखाद्या तांड्यावर तेच बहुसंख्य असूं शकतात. म्हणून नव्या ॲपाचा प्रारंभ प्रयोगशाळेंतल्या झकपक फोनावर करूं नये. गांवांत वापरांत असलेला, तडा गेलेल्या कांचेचा, साठा भरलेला जुना फोन मागून आणावा आणि आपलें ॲप त्यावर बसतें तरी काय तें पाहावें. साठा कशानें भरतो म्हणाल, तर बऱ्याच अंशीं फुलांच्या आणि सूर्योदयाच्या 'सुप्रभात' चित्रांनीं. ही आपत्ति भारतांत इतकी वाढली कीं गूगलनें २०१८ च्या सुमारास अशीं चित्रें ओळखून पुसण्याची सोय आपल्या एका साधनांत केली.

आतां भाषेकडे येऊं, कारण या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न महाराष्ट्रांतील पुष्कळ जिल्ह्यांहून नाजूक आहे. देगलूर, बिलोली, धर्माबाद या बाजूस घरांत तेलुगु बोलणारीं कुटुंबें आहेत. उदगीर-निलंग्याकडे कन्नड कानांवर पडतें. किनवट आणि माहूरच्या डोंगरांत गोंडी आहे. तांड्यांतांड्यांवर बंजारा समाजाची गोरमाटी आहे. नांदेड, लातूर, उदगीर या शहरांच्या जुन्या वस्त्यांत दखनी उर्दू आहे, तिची लिपि उजवीकडून डावीकडे जाते. आणि हुजूर साहिबच्या दर्शनाला येणारे यात्रेकरू पंजाबी बोलतात. या सर्वांना जोडणारें ॲप मराठी व इंग्रजी अशीं दोन बटनें ठेवून होणार नाहीं. गोरमाटीची तर स्वतःची रूढ लिपि नाहीं; ती देवनागरींत लिहावयाची कीं रोमनमध्यें, हें लिहिणारा आपल्या शाळेप्रमाणें ठरवितो. एकाच ओळींत उर्दू आणि मराठी आलें तर काय होतें, हें उर्दू शाळेंतल्या एखाद्या शिक्षकाला विचारा. आंकडे एकीकडे, विरामचिन्हें दुसरीकडे, आणि वाक्य मधोमध दुभंगलेलें!

यावर उपाय म्हणून बोललेल्या निरोपाकडे आपलें लक्ष जातें, आणि तें योग्यच आहे. व्हॉट्सॲपांत बटण दाबून बोलण्याची सोय ऑगस्ट २०१३ मध्यें आली. परंतु मी त्याहून वेगळ्या एका जातीच्या साधनाकडे तुमचें लक्ष वेधूं इच्छितों, कारण तें तक्त्यांत कधींच येत नाहीं. छत्तीसगडांत शुभ्रांशु चौधरी यांनीं २०१० सालीं 'सीजीनेट स्वर' नांवाची योजना चालूं केली. तिच्यासाठीं ॲप लागत नाहीं आणि फोनावर इंटरनेटहि लागत नाहीं. गांवकऱ्यानें एका नंबरवर फोन लावावयाचा, आपली तक्रार किंवा बातमी आपल्या भाषेंत सांगावयाची. ती तपासली गेल्यावर इतरांना त्याच नंबरवर ऐकूं येते. ज्या गोंडीला वर्तमानपत्रांत जागा नव्हती तिला येथें जागा मिळाली. त्याच सुमारास गुजरातेंत 'अवाज ओटलो' नांवाचा असाच एक प्रयोग झाला. ५१ शेतकऱ्यांना सात महिने फोनवरून प्रश्न विचारण्याची, उत्तरें ऐकण्याची आणि जाहीर सूचना मिळविण्याची अशी सगळी सोय करून दिली होती. शेतकऱ्यांनीं अधिकांत अधिक वेळ घालविला तो एकमेकांचे प्रश्न आणि त्यांचीं उत्तरें ऐकण्यांत. नांदेडहून तासा-दोन तासांच्या वाटेवर, परभणीला, कृषि विद्यापीठ आहे. कापसावर आणि सोयाबीनवर पडणाऱ्या रोगांविषयीं तेथें ज्ञान आहे. तें शेतापर्यंत न्यावयाचें तर लेखी पत्रकापेक्षां शेजारच्या गांवच्या माणसानें विचारलेला प्रश्न ऐकूं येणें अधिक उपयोगी पडेल, असा माझा कयास आहे.

आवाजाचे तोटेहि आहेत. लेखी निरोपावरून नुसती नजर फिरवितां येते. आवाज सबंध ऐकावा लागतो. तो चावडीवर, सगळ्यांसमोर, फोनच्या भोंग्यांतून ऐकला जातो. आठ दिवसांपूर्वींच्या निरोपांतला औषधाचा डोस पुन्हां शोधावयाचा तर दहा निरोप ऐकावे लागतात. 'औषध किती मिलि?' या प्रश्नाचें उत्तर लिहिलेलेंच बरें.

यापुढचा विषय जरा कठोर आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत राईनपाडा येथें आठवड्याचा बाजार भरला होता. भिक्षा मागून पोट भरणाऱ्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजांतील पांच माणसांना तेथील जमावानें मुलें पळविणारे समजून ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी आली आहे, अशा वावड्या त्या उन्हाळ्यांत फोनाफोनांतून देशभर फिरत होत्या. त्यांबरोबर फिरलेली एक चित्रफीत मुळांत कराचीची होती. मुलांची काळजी घ्या, असें आईबापांना सांगण्यासाठीं ती बनविलेली होती. शेवटचा, खुलाशाचा भाग कोणी तरी कापून टाकला आणि उरलेला तुकडा पुढें पाठविला.

यांत दोष माणसांचा, यंत्राचा काय, असें म्हणतां येईल. मला तें पटत नाहीं. एका बोटानें एक निरोप अनेक समूहांना पुढें धाडतां यावा, हा कोणीतरी घेतलेला निर्णय होता; तो पुढें आलेला आहे कीं पाठविणाऱ्यानें स्वतः लिहिला आहे, हें दिसूं नये, हाहि निर्णयच होता. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यांत पुढें आलेल्या निरोपावर तशी चिठ्ठी लागूं लागली आणि भारतांत एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें पाठवितां येईल अशी मर्यादा आली. जानेवारी २०१९ मध्यें ती जगभर लागूं झाली. एप्रिल २०२० मध्यें, अनेक हातांतून आलेला निरोप एका वेळीं एकाच ठिकाणीं पाठवितां येईल असें ठरलें. त्यानंतर अशा निरोपांचा ओघ सत्तर टक्क्यांनीं घटला, असें कंपनीनें सांगितलें. म्हणजे बटणाची रचना बदलली आणि माणसांचें वागणें बदललें. आपल्या ॲपांत 'पुढें पाठवा' हें बटण असावें काय, असल्यास किती सोपें असावें, यावर विद्यार्थ्यांनीं एक सबंध दिवस वाद घालावा. गांवोगांव फिरणाऱ्या भटक्या जमाती आपल्या मराठवाड्यांतहि आहेत.

याच प्रश्नाची दुसरी बाजू कुलपाची. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपाचे निरोप पाठविणाऱ्याच्या फोनांत कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनांतच उघडतात. मधल्या यंत्राला ते वाचतां येत नाहींत. ही कुलपाची युक्ति ज्यांनीं काढली त्यांचें 'सिग्नल' हें ॲप तर याच एका गोष्टीसाठीं प्रसिद्ध आहे. २०१३ सालीं निघालेल्या 'टेलिग्राम'ची रीत उलटी: साधे निरोप तेथें कंपनीच्या कोठारांत राहतात, त्यामुळें नवा फोन घेतला तरी जुना पत्रव्यवहार जसाच्या तसा मिळतो, दोन लाख माणसांचा समूह करतां येतो, मात्र कोठाराची किल्ली कोठारवाल्याकडे. झोहो कंपनीचें 'अरट्टै', म्हणजे तमिळमध्यें गप्पा, याचा २०२५ च्या शरदांत फार बोलबाला झाला. त्या वेळीं त्यांतील बोलणें कुलूपबंद होतें, लेखी निरोप तसे नव्हते, आणि टीकाकारांनीं तेवढ्यावरच बोट ठेवलें. कुलूप लावलें तर वावडी मधल्यामध्यें अडवितां येत नाहीं. न लावलें तर आईचें पत्र तिसऱ्याला वाचतां येतें. दोन्ही हवें म्हणणारा तक्ता खोटा समजावा.

मेलेल्या साधनांचा अभ्यास कोणी करीत नाहीं, तोहि केला पाहिजे. डिसेंबर २०१२ मध्यें निघालेलें 'हाइक' हें भारतीय ॲप एके काळीं व्हॉट्सॲपाचा प्रतिस्पर्धी म्हणून गाजलें. घेणाऱ्याचें इंटरनेट बंद असेल तर निरोप एसएमएस होऊन त्याच्याकडे जाईल, अशी फार उपयुक्त सोय त्यांत होती. तरी जानेवारी २०२१ मध्यें तें बंद झालें. २००३ सालीं निघालेल्या 'स्काइप'नें पुढें परदेशीं गेलेल्या मुलांचे चेहरे घरोघर दाखविले. ५ मे २०२५ रोजीं तेंहि मावळलें. निरोपाचें साधन बाजारासारखें असतें. जेथें माणसें जमतात तेथेंच माणसें जातात. नवें ॲप कितीहि सरस असलें, तरी मावशी त्यावर नाहीं म्हटल्यावर भाची तें उघडत नाहीं. तेव्हां 'सर्वांसाठीं सर्व कांहीं' असें ॲप काढण्यापेक्षां, जें काम चालू साधनांनीं नीट होत नाहीं असें एखादें लहान काम शोधावें.

तसें एक काम आपल्याकडे आहे, आणि तें लहान नाहीं. ऑगस्ट २०२५ मध्यें मुखेड तालुक्यांत लेंडी नदीच्या परिसरांत अतिवृष्टि झाली; हसनाळ, रावणगांव वगैरे गांवांत रात्रीं पाणी शिरलें आणि माणसें दगावलीं. अशा रात्रीं फोनांतल्या निरोपाचें काय होतें, पाहा. गांवाच्या समूहांत दिवसभर अभिनंदनें, चित्रें आणि जाहिराती येत असतात, म्हणून समजूतदार माणसानें त्या समूहाचा आवाज आधींच बंद केलेला असतो. पुराची सूचना त्याच समूहांत, त्याच आवाजांत, म्हणजे निःशब्दपणें येते. दुसरें असें कीं २०१५ पासून ॲन्ड्रॉइड फोन बॅटरी वांचविण्यासाठीं न वापरलेलीं ॲपें निजवितो. कांहीं स्वस्त फोन तीं मारूनच टाकतात. निरोप 'तातडीचा' म्हणून खूण करून पाठविला असेल तरच निजलेलें ॲप जागें होण्याची आशा. महाविद्यालयांतल्या खोलींत, हातांत फोन घेऊन, जाग्या माणसावर केलेल्या चाचणींत हा दोष कधींच दिसणार नाहीं.

या कामासाठीं निराळ्या जातीचीं साधनें आहेत, तीं पाहावींत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचें 'दामिनी' हें ॲप आपल्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या टापूंत वीज पडण्याचा संभव सांगतें. मराठवाड्यांत वळवाच्या दिवसांत शेतांत, झाडाखालीं माणसें विजेनें मरतात, म्हणून तें मोलाचें आहे; परंतु तें पडद्याच्या फोनावर चालतें, आणि निंदणीला गेलेल्या बाईच्या कमरेला तो फोन असेलच असें नाहीं. २०२३ सालीं दूरसंचार विभागानें आणखी एका रीतीच्या चाचण्या घेतल्या. तुमच्यापैकीं पुष्कळांचे फोन त्या वेळीं एकाएकीं कर्कश ओरडले असतील! त्यांत टॉवर आपल्या छायेंतील सर्व फोनांना एकदमच हांक मारतो. नंबर लागत नाहीं, ॲप लागत नाहीं, इंटरनेट लागत नाहीं. तत्त्व रेडिओचेंच: एकानें बोलावें, सर्वांनीं ऐकावें.

टॉवरच बंद पडला तर? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, गणेशविसर्जन करून लोक निजले असतां, किल्लारीचा भूकंप झाला आणि हजारों माणसें दगडामातीच्या घरांखालीं गेलीं. त्या वेळीं भारतांत मोबाइल सेवा नव्हतीच. तशी रात्र आज आली, तर टॉवरची वीज जाईल, बॅटरी कांहीं तास पुरेल. शिवाय सरकार इंटरनेट थांबवितें तें निराळेंच. नोव्हेंबर २०२३ मध्यें आरक्षणाच्या आंदोलनांत आपल्या शेजारच्या जालना-बीड भागांत तें थांबलें होतें. अशा वेळेसाठीं ब्लूटूथनें फोनावरून फोनावर उड्या मारीत जाणारे निरोप निघाले आहेत. 'ब्रिजफाय' २०१९ सालीं हाँगकाँगच्या आंदोलनांत वापरलें गेलें. पुढच्याच वर्षीं लंडनच्या संशोधकांनीं त्यांतील निरोप उघडे पाडतां येतात हें दाखविलें. जुलै २०२५ मध्यें 'बिटचॅट' आलें. ब्लूटूथची झेप कांहीं दशक मीटरांची. लोहा तालुक्यांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत, जेथें माणसाला माणूस लागलेला असतो आणि टॉवर गुदमरतो, तेथें ही रीत चालेल. निलंगा तालुक्यांत दोन आखाड्यांमध्यें अर्धा कोस काळी जमीन असते. तेथें निरोप पहिल्या बांधावरच बसून राहील.

लातूरच्या शिकवण्यांसाठीं खेड्यांतून आलेल्या मुलामुलींचा आणि त्यांच्या आईबापांचा विचार करून पुष्कळांना ॲप काढावेंसें वाटतें. मुलगा वर्गांत आला कीं नाहीं, गुण किती, खोलीवर किती वाजतां पोंचला, हें सर्व बापाला कळावें. येथें दोन गोष्टी आधीं पाहाव्या. यांतलीं बहुतेक मुलें अठरा वर्षांच्या आंतलीं. २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानें अठरा वर्षांखालील सर्वांना बालक मानलें आहे, त्यांची माहिती घेण्यास पालकाची पडताळून पाहतां येईल अशी संमति सांगितली आहे, आणि त्यांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. त्या कायद्यांत शाळांसाठीं कांहीं सवलती आहेत. आपलें ॲप त्यांत बसतें काय, हें आधीं वकिलाला दाखवावें. दुसरें, कित्येक घरें अभ्यासांत व्यत्यय नको म्हणून मुलाला मुद्दाम बटनांचा फोन देतात. त्या मुलाचें रात्रींचें पांच मिनिटांचें बोलणें हेंच त्याचें निरोपाचें साधन. त्याला कांहीं उणें आहे काय, हें त्यालाच विचारावें, आणि 'कांहीं नाहीं' असें उत्तर आलें तर तेंहि प्रबंधांत लिहावें.

प्रत्यक्ष काम करावयाचें तर पावसाळ्यांत करावें, कारण साधनें तेव्हांच उघडीं पडतात. किनवटकडचीं पांच आणि निलंग्याकडचीं पांच अशीं दहा घरें निवडावींत. 'तुम्हांला कसें ॲप हवें?' असें विचारूं नये. विचारलें तर लोक सौजन्यानें होकार देतात. त्याऐवजीं परवानगी घेऊन, काल कोणाला काय सांगावयाचें होतें आणि तें कसें सांगितलें, एवढेंच विचारावें. कोणता निरोप उशिरां पोंचला, कोणता चुकीच्या हातीं पडला, कोणता माणूस पाठवूनच द्यावा लागला. वहीच्या पहिल्या पानावर ॲपाचें नांव लिहूं नये. तेथें त्या दहा घरांतील फोनांची नोंद करावी: कोणाच्या नांवावर आहे, कोणत्या बनावटीचा, किती साठा रिकामा, कोणत्या भाषेंत लावलेला, रात्रीं कोठें ठेवतात, आणि वाजला तर कोणाच्या उशाशीं वाजतो.